वॉरंटी कार्ड आणि अण्णांचा डबा

मागच्या जुलैमध्ये आमच्या घरातला लॅपटॉप बंद पडला. बंद पडला म्हणजे अगदी शांतपणे. आदल्या रात्री लेक त्यावर बसून कॉलेजच्या प्रोजेक्टचं काम करत होती, सकाळी बटण दाबलं तर काही नाही. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. बाहेर नेरूळचा पाऊस, आणि टेबलावर छप्पन्न हजारांचा एक काळा पाट.

मी मात्र निश्चिंत होतो. कारण वॉरंटी! वाशीच्या सेक्टर १७ मधून ऑगस्टमध्ये घेतलेलं मशीन, म्हणजे वर्ष व्हायला अजून तीनेक आठवडे बाकी होते. बिलही होतं. बिल असण्याचं श्रेय माझं नाही, अण्णांचं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल आणि कार्ड बिस्किटाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. मिक्सर, पंखा, इस्त्री, १९८८ साली डोंबिवलीहून इथे सिडकोच्या घरात आलो तेव्हा घेतलेल्या टीव्हीचंसुद्धा. टीव्ही भंगारात जाऊन वीस वर्षं झाली, कार्ड आहे.

सर्व्हिस सेंटर महापेला. नेरूळहून ठाण्याची गाडी पकडायची, कोपरखैरण्याला उतरायचं, पुढे रिक्षा. पहिल्या मजल्यावर काचेचा दरवाजा, आत एसी, टोकन, निळ्या खुर्च्या. काउंटरवरच्या मुलाने मशीन उलटंसुलटं करून पाहिलं, एक कागद छापून दिला आणि म्हणाला, "सर, तीन ते पाच वर्किंग डेज."

पुढची हकीकत तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. पाचव्या दिवशी "पार्टची ऑर्डर टाकली आहे". सातव्या दिवशी फोन उचलणारी व्यक्ती वेगळी, तिला सगळं पहिल्यापासून सांगायचं. नवव्या दिवशी मेल. त्यात मदरबोर्डच्या एका कोपऱ्याचा धूसर फोटो, त्यावर लाल गोल, आणि खाली दोन शब्द : लिक्विड डॅमेज. म्हणजे आत पाणी गेलं आहे. सबब वॉरंटी लागू नाही. बोर्ड बदलायचा तर ३४,८०० रुपये, नको असेल तर मशीन आठ दिवसांत घेऊन जा.

मी लेकीला विचारलं, "काही सांडलं होतं का गं?" ती "नाही" म्हणाली. मग थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की तो प्रश्न मी दुसऱ्यांदा का विचारला याची मला लाज वाटली. एका फोटोतल्या लाल गोलाने मला माझ्याच मुलीची उलटतपासणी घ्यायला लावली होती. बोर्डावर डाग आहे म्हणता? असेल. पण तो चहाचा, की नव्वद टक्के दमटपणात चार महिने काढणाऱ्या या गावच्या हवेचा, हे कोण ठरवणार? मशीन त्यांच्याकडे, स्क्रू-ड्रायव्हर त्यांचा, फोटो त्यांनी काढलेला, निकालही त्यांचाच.

पुन्हा महापेला गेलो. म्हटलं, "माझ्यासमोर उघडून दाखवा." मुलगा बिचारा नम्र होता. "सर, कस्टमरला आत अलाऊड नाही. पॉलिसी आहे."

घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. त्या पट्ट्यात तेव्हा कारखान्यांची रांग होती, आता त्याच एमआयडीसीत आयटी पार्क आहेत आणि बहुधा म्हणूनच सर्व्हिस सेंटरंही. अण्णा म्हणाले, "आमच्याकडे पंप उघडला, की ज्याचा पंप त्याला बोलवायचे. सील का गेलं ते त्याने डोळ्यांनी बघायचं, मग लॉगबुकात दोघांच्या सह्या. उघडताना बघू देत नाही म्हणजे काय?"

त्या रात्री झोप येईना. रागावलेला माणूस एकतर भांडतो नाहीतर वाचत बसतो. मी दुसऱ्या जातीचा. विकत घेतलेली वस्तू बिघडली तर दोष कुणाचा, हा प्रश्न माणसाने पूर्वी कसा सोडवला होता, हे शोधत बसलो. जे सापडलं ते इथे मांडतो आहे. मी वकील नाही, हे आधीच सांगतो.

सुरुवात थेट कौटिल्यापासून. 'अर्थशास्त्र' हा ग्रंथ कित्येक शतकं नुसता नावाने माहीत होता. १९०५ साली म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्रींच्या हाती त्याची पोथी आली आणि १९०९ मध्ये ती छापून निघाली. त्यातल्या चौथ्या अधिकरणाचं नाव 'कंटकशोधन', म्हणजे समाजातले काटे वेचून काढणं. मला वाटलं, सुरुवात चोर-दरोडेखोरांपासून असणार. तसं नाही! पहिला अध्याय कारागिरांपासून लोकांचं रक्षण कसं करावं यावर, दुसरा व्यापाऱ्यांपासून. चोर नंतर येतात.

त्या पहिल्या अध्यायात कारागिरांसाठी जो नियम आहे तो वाचून मी अक्षरशः उठून बसलो. काम कुठे, कधी आणि कसं करून द्यायचं हे जे ठरलं असेल तसं द्यायचं. "असं काही ठरलंच नव्हतं" ही सबब सांगून जो काम लांबवील त्याची पाव मजुरी बुडणार, आणि वर मजुरीच्या दुप्पट दंड. अपवाद फक्त संकट-आपत्तीचा. परटाने कपडे किती दिवसांत परत द्यायचे याचेही दिवस बांधून दिलेले. गिऱ्हाइकाचे कपडे स्वतः घालून मिरवला तर तीन पण दंड. खरेदी-विक्री रद्द करण्याची मुदतसुद्धा आहे : व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गोपालांना पाच. प्रत्यक्षात हे किती पाळलं जाई हा वेगळा प्रश्न. पण वस्तू एकदा दुसऱ्याच्या हातात गेली, की ज्याची वस्तू तो दुबळा होतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. "तीन ते पाच वर्किंग डेज" त्याला फसवू शकलं नसतं.

तिथून एकदम इंग्रजी काळात येतो. आपल्याकडे वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा जो कायदा आजही चालू आहे तो १९३० सालचा. तो वाचताना मला एक गंमत कळली. 'वॉरंटी' हा शब्द आपण किती भरवशाने उच्चारतो! गॅरंटी आणि वॉरंटी मुळात एकच शब्द. एक फ्रान्सच्या एका भागातल्या उच्चाराने इंग्रजीत आला, दुसरा दुसऱ्या भागातल्या. पण या १९३० च्या कायद्यात मात्र वॉरंटी ही दुय्यम गोष्ट आहे. कराराच्या मुळाशी जी असते ती अट. अट मोडली तर तुम्ही सौदाच नाकारू शकता. वॉरंटी म्हणजे मुख्य सौद्याच्या शेजारी बसलेलं एक वचन. ते मोडलं तर नुकसानभरपाई मागा, सौदा मोडता येणार नाही. वस्तू ज्या कामासाठी घेतली त्या कामाची असावी, ही न लिहिलेली अट याच कायद्यात सोळाव्या कलमात आहे, अर्थात काही मर्यादांसह. पण पुढे बासष्टावं कलम सांगतं, की दोन्ही बाजूंनी तसा करार केला तर अशा न लिहिलेल्या गोष्टी बाजूला ठेवता येतात.

आता छापील वॉरंटी कार्डाकडे या चष्म्यातून बघा. आपल्याला वाटतं, कंपनीने आपल्याला काहीतरी जास्तीचं दिलं. खरं तर त्या बारीक अक्षरांचा एक उद्योग असा असतो, की कायद्याने जे आधीच आपलं होतं त्यातलं थोडं काढून घ्यायचं.

हे माझं डोकं नाही, अमेरिकेतल्या एका न्यायालयाने हे १९६० साली सांगितलं आहे. न्यू जर्सीतल्या हेनिंगसेन नावाच्या गृहस्थांनी बायकोसाठी नवी प्लिमथ गाडी घेतली. थोड्याच दिवसांत बाई चालवत असताना स्टिअरिंगने दगा दिला आणि गाडी भिंतीवर गेली. कंपनीने कागद दाखवला : नव्वद दिवस किंवा चार हजार मैल, तोही फक्त खराब भाग बदलून देऊ, आणि तो भाग तुम्ही वाहतूकखर्च भरून आमच्याकडे पाठवायचा. बाकी कुठलीही जबाबदारी आमची नाही. बहुतेक सगळ्या मोटार कंपन्या हाच मजकूर छापत होत्या, म्हणजे दुसऱ्या दुकानात जाऊनही उपयोग नव्हता. न्यायालयाने ही सुटका मानली नाही. ज्या करारात घासाघीस करायला जागाच नाही, त्यातल्या सहीला कितपत संमती म्हणायचं, हा तिथला मुद्दा होता. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेने वॉरंटीची भाषा साधी आणि स्पष्ट असली पाहिजे असा वेगळा कायदाच केला.

आणि आपल्याकडे? आपल्याकडची गोष्ट मला जास्त जवळची वाटली, कारण ती कोर्टातून नाही, स्वयंपाकघरातून सुरू होते. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. टंचाईचे दिवस, भेसळीचे दिवस. वस्तू तपासून घ्यायच्या आणि लोकांना सांगायचं, असं काम. मग १९७२ चा दुष्काळ आला, आणि त्याच साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका हातात लाटणं घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल हे त्यांचे प्रश्न. 'ग्राहक' हा शब्द तेव्हा फारसा कोणी वापरत नव्हतं, पण लाटणं घेऊन मंत्र्याला जाब विचारणारी बाई ग्राहक नाही तर कोण?

त्याच सुमाराला पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची कल्पना मांडली, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. गायक-संगीतकार सुधीर फडकेही या कामात होते. गोवा आणि दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिलढ्यातली ही माणसं तूरडाळीच्या वजनाकडे वळली, हे मला विलक्षण वाटतं. पंचायतीची पद्धत साधी. शेजारपाजारच्या काही कुटुंबांचा एक संघ, महिन्याची यादी आधी द्यायची, पंचायत घाऊक भावात तपासून माल आणणार, आणि वाटप सभासदांनीच करायचं. आई डोंबिवलीला अशा एका संघात होती. तळमजल्यावर पोती उतरायची आणि आम्ही पोरं पिशव्या मोजायचो. कोणाची डाळ छटाकभर कमी भरली तर सगळ्यांसमोर पुन्हा वजन. सगळ्यांसमोर, हे महत्त्वाचं. तेव्हा ते कळलं नव्हतं, महापेच्या काचेच्या दरवाजापाशी कळलं.

अशा लोकांच्या रेट्याने कायदा हलला. १९८४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' हे प्रकरण घातलं गेलं. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहकसंरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी आपल्या ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. म्हणून २४ डिसेंबर हा आपला राष्ट्रीय ग्राहक दिन. या कायद्याची खरी करामत अशी, की त्याने सामान्य माणसाला वकिलाशिवाय उभं राहता येईल असं न्यायपीठ जिल्ह्याच्या पातळीवर आणलं. सुरुवातीला जिल्हा मंचापुढे एक लाखापर्यंतचेच दावे चालत. ही मर्यादा १९९३ मध्ये पाच लाख आणि २००२ च्या दुरुस्तीने वीस लाख झाली. आम्हा नवी मुंबईकरांसाठी ठाणे जिल्ह्याचा अतिरिक्त मंच बेलापूरच्या कोकण भवनात बसू लागला. म्हणजे नेरूळपासून दोन स्टेशनं.

२०१९ मध्ये नवा कायदा झाला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टी माझ्यासारख्याच्या कामाच्या. एक, पूर्वी तक्रार मुख्यतः कंपनी जिथे आहे तिथे किंवा जिथे प्रकार घडला तिथे करावी लागे. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. दोन, वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य.

पण माझं लक्ष अडकलं ते वेगळ्याच एका ओळीवर. अनुचित व्यापारी प्रथा म्हणजे काय, याच्या लांबलचक यादीत एक बाब अशी आहे : वस्तू बदलून देण्याचं किंवा दुरुस्त करून देण्याचं असं वचन, जे ठळकपणे दिशाभूल करणारं आहे किंवा जे पाळलं जाण्याची वाजवी शक्यताच नाही. ही ओळ १९८४ पासून या ना त्या कायद्यात आहे. म्हणजे नुसतं फसवं तेल विकणं हाच गुन्हा नाही, फसवं वचन विकणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. वस्तूत दोष आहे की नाही हे नुसतं पाहून ठरत नसेल तर नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूदही १९८६ पासून आहे. म्हणजे अण्णांचंच म्हणणं! ज्याचा फायदा होणार त्यानेच निदान करायचं नाही, तिसऱ्याने बघायचं.

इथे मला सगळ्याचा धागा लागल्यासारखं वाटलं. कौटिल्याचा परीट, प्लिमथचं स्टिअरिंग, तळमजल्यावरचा तराजू, या सगळ्यांत झगडा पैशांचा दिसतो, पण खरा झगडा आहे तो कोणाला काय दिसतं याचा. घड्याळ दुरुस्त करणारा डोळ्याला भिंग लावून तुमच्यासमोर ते उघडायचा. रेडिओवाला मागचं फळकूट काढून जळका भाग हातावर ठेवायचा. तोही फसवत असेल, नाही असं नाही. पण फसवायचं तर तुमच्या डोळ्यांदेखत फसवावं लागे. आता वस्तू काचेपलीकडे जाते आणि निकाल मेलने येतो. याच दुखण्यावर उपाय म्हणून जगभर 'दुरुस्तीचा हक्क' मागितला जातो आहे. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी ग्राहक दिनाला एक पोर्टल सुरू केलं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याचा कायदाच केला. सुटे भाग, माहितीपुस्तिका, बाहेरच्या कारागिराकडून दुरुस्तीची मुभा, हे सगळं त्यात येतं. पण मुळात मागणी जुनीच आहे. माझ्यासमोर उघडा.

असो. लॅपटॉपचं काय झालं ते सांगतो.

विसाव्या दिवशी मी पत्र लिहिलं. मराठीत एक, इंग्रजीत एक, दोन्ही रजिस्टर पोस्टाने. शिव्या नाहीत, विशेषणं नाहीत. चारच मुद्दे : खरेदीची तारीख, मशीन दिल्याची तारीख, तांत्रिक अहवाल सहीनिशी द्या, आणि बोर्ड आहे त्या स्थितीत जपून ठेवा कारण तो प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी मी आयोगापुढे करणार आहे. अण्णांनी पत्र वाचलं, आणि 'जपून ठेवा' खाली पेन्सिलीने रेघ मारली. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली.

एकेचाळिसाव्या दिवशी मेसेज आला. मशीन तयार आहे, घेऊन जा. गेलो. बोर्ड नवा, बिल शून्य रुपये. कागदावर एक ओळ : विशेष बाब म्हणून, गुडविल म्हणून, विनामूल्य दुरुस्ती. जुना बोर्ड मागितला, तो परत पाठवला गेला होता. तांत्रिक अहवाल? तो कधी आलाच नाही.

घरी सगळे खूश. मीही खूश असायला हवं होतं, चौतीस हजार आठशे वाचले. पण लेकीने तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे बाबा, त्यांनी मानलं का, की पाणी गेलं नव्हतं?"

नाही मानलं. तेवढंच तर मानलं नाही. मागितला होता हक्क, मिळाली मेहेरबानी. आणि मेहेरबानीची पंचाईत अशी, की ती घेतल्यावर खोटं कोण होतं हा प्रश्न विचारायची सोय राहत नाही. तिचं प्रोजेक्ट तर मैत्रिणीच्या मशीनवर रात्री जागून कधीच पूर्ण झालं होतं. तिला नवा बोर्ड नको होता, तिला "तू खरं बोलत होतीस" एवढं हवं होतं. कंपनीकडून नव्हे कदाचित, माझ्याकडून.

मी तिला तसं सांगितलं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं. तिने नुसती मान हलवली आणि लॅपटॉप घेऊन आत गेली.

अण्णांनी बिल, वॉरंटी कार्ड, रजिस्टरच्या पावत्या आणि ती गुडविलची चिठ्ठी एकत्र टाचली. म्हणाले, "तक्रार करायला किती मुदत असते रे?" मी म्हटलं, दोन वर्षं. "मग आहे अजून," असं म्हणून त्यांनी ती चळत डब्यात ठेवली. टीव्हीच्या कार्डावर.